स्टॉलपेक्षा आधी संस्था गाठा

प्रदर्शनात फेअरट्रेडचा, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव देऊन घेतलेल्या प्रमाणित मालाचा, स्टॉल लावला की लोक तोंडभरून कौतुक करतात आणि रिकाम्या हातांनी निघून जातात, ही असे स्टॉल लावणाऱ्यांची तक्रार मला पटते. माझ्या मते सुरुवात किरकोळ गिऱ्हाइकापासून करूच नये. इंग्लंडमधल्या गारस्टँग या छोट्या गावाने २००० साली स्वतःला जगातलं पहिलं फेअरट्रेड गाव म्हणून जाहीर केलं. तिथल्या कार्यकर्त्यांनी दुकानं, शाळा, चर्च यांना गाठलं होतं. एखाद्या कार्यालयाने चहा-कॉफी बदलली की महिन्याची मागणी ठरून जाते, रोज कुणाची मनधरणी नको.

आणि ‘जास्तीचा सगळा पैसा शेतकऱ्याच्या खिशात जातो’ असं छातीठोकपणे सांगू नका, तोंडघशी पडाल. भावावर मिळणारा जादा पैसा, म्हणजे प्रीमियम, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे जातो. तो कशावर खर्चायचा ते सभासद ठरवतात. फेअरट्रेडच्या चिन्हाशेजारी काळा बाण दिसला तर पाकीट उलटून मागचा मजकूर वाचा. कारण कोको, साखर, चहा, फळांचा रस यांत प्रमाणित आणि साधा माल मिसळायला मुभा आहे, फक्त खरेदी-विक्रीच्या प्रमाणाचा हिशेब जुळावा लागतो. (मला स्वतःला हे फारसं रुचत नाही, पण लपवण्यात अर्थ नाही.) चोखंदळ गिऱ्हाईक नेमकं हेच विचारतं.