टॉप्स २०२४ सिरीज १: शेवटची ३९ कार्डं कुठून भरू?

मंडळी, मदत हवी आहे. टॉप्स या अमेरिकी कंपनीची बेसबॉल कार्डांची सिरीज १ दरवर्षी साधारण फेब्रुवारीत येते, त्यातला २०२४चा संच पूर्ण करतोय. एकूण ३५० कार्डं, माझ्याकडे ३११ आहेत.

एक हॉबी बॉक्स (कार्डांच्या दुकानात मिळणारा पाकिटांचा मोठा खोका) आणि चार ब्लास्टर (साध्या दुकानांतले छोटे खोके) फोडून झाले. शेवटच्या ब्लास्टरमधून नवी निघाली फक्त नऊ, बाकी सगळी डबल! म्हणजे आता पाकिटं फोडणं बंद. डबल कार्डांची अदलाबदलही करून पाहिली, पण सगळ्यांना रूकी (नवख्या खेळाडूंची कार्डं) हवेत, माझ्याकडच्या डबलमध्ये बहुतेक फारसे नावाजलेले नसलेले पिचर (चेंडू टाकणारे). सुटी कार्डं मागवावीत तर कार्डापेक्षा टपालखर्च जास्त.

एका नंबरची दोन वेगळ्या फोटोंची कार्डं निघालीत. मागच्या बारीक कोडचे शेवटचे आकडे वेगळे आहेत, त्यामुळे एक व्हेरिएशन (त्याच नंबरचं, पण मुद्दाम वेगळा फोटो छापलेलं कार्ड) धरून बाजूला ठेवलंय. ते ३११मध्ये धरलेलं नाही.

मी न्यू जर्सीत असतो. बजेट ३० डॉलर. विकायचं नाही, ग्रेडिंगही (कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवून घेणं) नको, नऊ कप्प्यांच्या पानांत लावायचीत. इन्सर्ट (मूळ संचाबाहेरची खास कार्डं), रंगीत किनारीची पॅरलल (मूळ कार्डांच्याच वेगळ्या छपाईच्या आवृत्त्या) वगैरे नकोत.

एकाने फॅक्टरी सेट (कंपनीनेच एका खोक्यात भरून विकलेला पूर्ण संच) फोडून उरलेली सुटी कार्डं स्वस्तात देऊ केलीत. ती पाकिटातल्या कार्डांसारखीच असतात का? की फॉइल, कागद किंवा मागच्या कोडमध्ये फरक पडतो, आणि हातात घेतल्यावर तो नेमका कुठे बघायचा?