साडेचार वर्षांच्या मुलीने स्वतःचे केस कापले. ओरडायचं की सोडून द्यायचं?

नाशिककर_आई:
लेक साडेचार वर्षांची, ज्युनियर केजीत आहे. काल दुपारी सगळे झोपलेले असताना हिने क्राफ्टच्या कात्रीने कपाळावरची बट जेमतेम दोन बोटं ठेवून कापली आणि उजव्या कानावरचा झुपका तर पार मुळापासून. कापलेले केस उशीखाली लपवलेले, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं होतं. सासूबाई कालपासून नीट जेवल्या नाहीयेत. जावळ काढल्यापासून त्या केसांना कात्री लागली नव्हती, रोज तेल लावून त्यांनीच वाढवलेले. आता त्या म्हणतात सरळ चकोट करा, दाट येतील. नवरा म्हणतो एक शब्द बोलायचा नाही, केस आहेत, वाढतील. मला चकोट नकोय पण काहीच न बोलणंही पटत नाही. तुम्ही काय केलं असतं?

कोकणकडा:
बोलायलाच हवं, आणि आजच. तुम्ही सगळे केसांबद्दल बोलताय, मला कपाळावरची बट वाचून धस्स झालं कारण कात्री डोळ्यापासून किती लांब होती ते बघा. आज स्वतःचे केस, उद्या धाकट्या भावंडाचे कापायला गेली आणि ते हललं तर कान कापला जाईल. मारू नका, आरडाओरडा नको, पण कात्री महिनाभर बंद आणि का बंद ते तिला स्पष्ट सांगा. लपवलंय म्हणजे तिला समजतंय, मग आपण न समजल्यासारखं का वागायचं?

निळी_छत्री:
साडेचार वर्षांच्या मुलीला महिना म्हणजे किती हे तरी कळतं का? दोन दिवसांत ती विसरेल की कात्री का काढून घेतली, फक्त आई रागावलीय एवढंच लक्षात राहील आणि पुढच्या वेळी उशीखाली न ठेवता कचऱ्यात टाकेल. माझा मुद्दा वेगळाच आहे. हेच मुलाने केलं असतं तर सलूनमध्ये नेऊन मशीन फिरवून आणलं असतं आणि संध्याकाळपर्यंत विषय संपला असता. मुलीचे केस कापले गेले की घरात सुतक पडल्यासारखं का होतं? केस तिचे आहेत.

कोकणकडा:
@निळी_छत्री मुलगा असता तरी मी हेच लिहिलं असतं. आणि केस तिचे म्हणता तर दातही तिचेच आहेत, उद्या ब्रश करणार नाही म्हणाली तर ऐकणार का? या वयात काही गोष्टी मोठ्यांनीच ठरवायच्या असतात.

निळी_छत्री:
दात किडले तर दुखतं, डॉक्टरकडे जावं लागतं. केस कापल्याने तिचं नुकसान काय झालं ते सांगा. सुरक्षेचं म्हणत असाल तर पूर्ण मान्य, पण मग तेवढंच बोला ना, 'किती सुंदर केस होते, काय करून बसलीस' हे ऐकवू नका.

पार्लरवाली_ताई:
भांडण चालू द्या, पण आधी केसांचं बघा. पार्लरमध्ये अशी मुलं नेहमी येतात, आणि शाळा सुरू झाल्या झाल्या जरा जास्तच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाईत त्या छोट्या बटेच्या लेव्हलला सगळा फ्रिंज कापू नका, ते फार वाईट दिसतं आणि वाढायलाही तेवढाच वेळ लागतो. भांग एका बाजूने पाडा, वरचे लांब केस त्यावर आणून टिकटॉक पिनेने बसवा, कानावरचा झुपका वरच्या थराखाली आपोआप झाकला जाईल. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे तीन-चार महिन्यांत बट भुवईपर्यंत येईल. अगदीच दिसत असेल तर खांद्यापर्यंत लेयर्स करून मिळतात. चकोट हा शेवटचा उपाय, आणि तोही तिला विचारून.

त्वचेची_डॉक्टर:
चकोट केल्याने केस दाट येतात हे खरं नाही. केसाचं मूळ त्वचेच्या आत असतं, वरून वस्तरा फिरवल्याने त्या मुळाला काहीच होत नाही. 1928 सालीच मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस तपासून हे दाखवलंय. दाट वाटतात त्याचं कारण साधं आहे, न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं आणि कापलेल्याचं बोथट, म्हणून हाताला राठ लागतं. जावळानंतर केस दाट होतात ते वयामुळे, बाळाचे मऊ केस जाऊन जाड केस त्या सुमारास येतच असतात. एक मात्र बघून ठेवा, ती केस कापत नसून उपटत असेल, डोक्यावर विरळ चट्टे दिसत असतील किंवा केस तोंडात घालत असेल तर तो वेगळा प्रकार आहे, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. एकदा कात्री चालवली यात आजार काही नाही.

आजी_साताऱ्याची:
सगळे सासूबाईंना अडाणी ठरवून मोकळे झाले. रोज सकाळी त्या पोरीला मांडीशी घेऊन तेल लावणं, विंचरणं, वेणी घालणं हा त्या दोघींचा वेळ असतो, तो गेला म्हणून बाई जेवली नसेल. चकोट करू नका, माझंही तेच मत. पण केस तिचे, केस तिचे असं आजीच्या तोंडावर म्हणू नका.

नाशिककर_आई:
आजी, तुमचं वाचून बरं वाटलं. आज तिला शांतपणे विचारलं, का कापलेस? म्हणाली, "गाठ होती. आजी ओढते, मग दुखतं." कानावरचा झुपका गेला तिथेच रोज गुंता व्हायचा. शाळेची रिक्षा यायच्या आधी घाईघाईत दोन घट्ट वेण्या, हे आमच्याकडे रोजचं आहे.

निळी_छत्री:
म्हणजे तिने तिच्या परीने उपाय शोधला होता. आता यावर शिक्षा करणार?

त्वचेची_डॉक्टर:
रोज घट्ट वेण्या घातल्या तर कपाळाच्या कडेचे केस ओढले जाऊन विरळ होतात, त्यामुळे वेणी सैलच घाला. गुंता खालून वर सोडवायचा, गाठीच्या वरचे केस मुठीत धरायचे म्हणजे मुळाला ओढ बसत नाही. रुंद दातांचा कंगवा घ्या आणि हे काम रात्रीच उरकून टाका.

बालवाडी_ताई:
कात्री बंद करण्याच्या मी विरोधात आहे. तीनच्या आसपास मुलं नुसते तुकडे करतात, चार वर्षांची बरीच मुलं सरळ रेघेवर कापतात, गोल कापणं त्यानंतर जमतं. या वयात हाताला कात्री हवीच असते. गोल टोकाची द्या, जुनी वर्तमानपत्रं, कणकेच्या गोळ्याच्या लांब वळ्या, झाडूच्या काड्या कापायला द्या आणि नियम एकच ठेवा, कात्री फक्त मोठं माणूस समोर बसलेलं असताना आणि माणसावर, कपड्यावर कधीच नाही. वापरून झाली की वरच्या फळीवर.

कोकणकडा:
विंचरण्याचं पटलं, तिथे चूक तिची नाही. पण ताई, वरची फळी म्हणजे बंदच झाली की. मी तरी म्हणेन एक आठवडा अजिबात हातात देऊ नका. दुखत होतं तर सांगायचं, कात्री घ्यायची नाही, हे तिला आत्ता सांगितलं नाही तर कधी सांगणार?

बालवाडी_ताई:
सांगाच, पण तिने आधी सांगितलं असेल आणि घाईत कोणी ऐकलं नसेल, तेही तिला विचारा.

नाशिककर_आई:
विचारलं. रोज सांगायची म्हणे. आठवडाभर कात्री नाही हे कोकणकडांचं घेतेय, रविवारी पार्लरमध्ये खांद्यापर्यंत कापून आणणार, सासूबाईही येतायत सोबत. तेल लावायचं काम त्यांच्याकडेच राहील, रात्री, सावकाश.