मदत हवी आहे: चाळीस शॉटनंतर हात थरथरतो
नमस्कार मंडळी. वय ४४, सोलापुरात बैठी नोकरी. वर्षभरापासून १० मीटर एअर पिस्तूल शिकतोय. ६० शॉट, ७५ मिनिटं, तेही एका हातानं! पिस्तूल जेमतेम किलोभराचं, पण चाळिसाव्या शॉटनंतर खांदा भरून येतो आणि पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) नाचायला लागते. (लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमीचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं.)

रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे चालायला जातो. दम वाढला, हात तसाच. जिममधल्या पोरानं डंबेल वाढवून दिले, तर दुसऱ्या दिवशी थरथर आणखीच. आता घरी पाण्याची भरलेली बाटली भिंतीसमोर धरून उभा राहतो, बायको हसते.

खांदा-कंबरेसाठी नेमके कोणते व्यायाम करू? सरावाच्या आदल्या दिवशी वजनं उचलावीत का?