मदत हवी आहे: बाबांचं जुनं मृत्युपत्र, नवीन करावं की पुरवणी पुरेल?

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय.

बाबांनी २०१३ साली मृत्युपत्र केलंय, रजिस्टर्ड आहे, दोन साक्षीदार, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, सगळं रीतसर. बाबांच्या मते विषय तिथेच संपला. पण मधे घरात बरंच काही बदललंय. त्यात लिहिलंय 'दुसऱ्या मजल्यावरील सदनिका क्रमांक ७' माझ्या नावे, आणि ती बिल्डिंगच आता नाहीये, रिडेव्हलपमेंटला गेली, आता अकरावा मजला, नंबर वेगळा, एरिया वेगळा, अ‍ॅग्रीमेंट वेगळं. गावच्या घराचा अर्धा हिस्सा दादा-वहिनी दोघांच्या नावे लिहिलाय, त्यांचा घटस्फोट झाला. ताईला द्यायची एफडी पावती नंबरासकट लिहिलीय, ती कधीच मॅच्युअर होऊन पैसे म्युच्युअल फंडात गेले आणि फंडांचा तर उल्लेखच नाही. एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे वाटप करून देणारे) म्हणून काका होते, तेही गेले.

बाबांचा उपाय काय, तर मूळ प्रतीवर निळ्या पेनने ७ खोडून ११०३ लिहायचं आणि शेजारी सही ठोकायची!! तूर्तास पेन काढून घेतलंय.

तर यातल्या कुठल्या गोष्टीसाठी खरंच बदल लागतो आणि कुठल्या तशाच चालतात? पुरवणी पुरेल का? आणि परत रजिस्टर करावंच लागेल का?

प्रतिसाद १
पेन काढून घेतलंत ते उत्तम केलंत. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ७१ बघा, सही झाल्यानंतरच्या खाडाखोडीला तेव्हाच अर्थ असतो जेव्हा ती मृत्युपत्रासारखीच केलेली असते, म्हणजे त्यांची सही आणि दोन साक्षीदारांच्याही सह्या. नुसत्या बाबांच्या सहीने काही होत नाही, उलट उद्या कोणीतरी विचारणार की हे कोणी खोडलं.

काका गेले म्हणून मृत्युपत्र बाद होत नाही, पण दुसरं नाव घालून घ्या. वहिनींचं मात्र तातडीने बघा, घटस्फोट झाला म्हणून नाव आपोआप गळत नाही. एफडी सगळ्यात वाईट केस आहे, नंबरासकट दिलेली नेमकी वस्तूच शिल्लक नसेल तर ते देणं संपतं, ताईंच्या हाती काहीच नाही. फ्लॅटचंही तेच भांडण होऊ शकतं, जुना गेला की नव्या रूपात आहे यावर वकील वर्षानुवर्षं जेवतील.

एखादा बदल असता तर पुरवणी (कोडिसिल) म्हटलं असतं, इथे सरळ नवीन करा. 'आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे वाक्य हवंच, आणि 'वर उल्लेख नसलेली उरलेली सर्व मिळकत अमुकला' हेही, म्हणजे पुढे फंड बदलले तरी अडत नाही. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, स्टॅम्प ड्यूटी लागत नाही. पण पहिलं रजिस्टर्ड आहे तर दुसरंही करा, कायद्याने शेवटचंच चालतं पण भावंडांत शंका नको.

प्रतिसाद २
+१. फंडात नॉमिनी कोण आहे तेही बघा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलंय. तरी नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात दुसराच असला की पैसे ज्याच्या हातात पडतात त्याच्या मागे फिरावं लागतं. आमच्याकडे अजून चालू आहे, असो.

धागाकर्ता
खूप धन्यवाद दोघांना. ताईच्या हाती काहीच येणार नाही हे ऐकून बाबा एकदम गप्प झाले आणि मग स्वतःच म्हणाले वकिलाला फोन लाव. नवीन फ्लॅटचा इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या अ‍ॅग्रीमेंटचा सरकारी नोंद-उतारा) काढून ठेवलाय. साक्षीदार म्हणून त्यांना त्यांच्याच वयाचे मित्र हवेत, मी म्हणतोय शेजारची तरुण मंडळी घेऊ, पुढे कोर्टात उभं राहायची वेळ आली तर असायला तर हवेत. आता एकच, मूळ प्रत बाबांकडेच राहू दे की नव्या एक्झिक्युटरकडे द्यायची? तुमच्याकडे काय करतात?