बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी कशी?

प्रश्न: बीटी बियाणे अळीला मारते असे सांगतात, तरी यंदा बोंडे फोडली तेव्हा आत सरकी पोखरणारी गुलाबी अळी सापडली; मग जनुक बदलून काय साधले?

उत्तर १: मातीतील जिवाणूचे, अळीला मारणारे विष बनवणारे जनुक घातलेल्या या बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखरच कमी झाल्या. गुलाबी अळी मात्र प्रामुख्याने कपाशीवरच जगत असल्यामुळे, फरदड घेऊन, म्हणजे वेचणी झाल्यावरही तेच पीक शेतात ठेवून, हंगाम लांबवला की तिच्या पिढ्यांमागून पिढ्या त्याच विषावर वाढतात आणि प्रतिकारक्षम अळ्याच तेवढ्या उरतात. आता ती दोन जनुकांच्या वाणालाही दाद देत नाही.

उत्तर २: शेताच्या कडेने लावायची बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी याचसाठी मिळायची: त्या झाडांवर वाढलेल्या साध्या अळ्यांशी संकर होऊन प्रतिकारक्षम अळ्याच तेवढ्या उरू नयेत म्हणून. माझ्याकडे ती कोनाड्यातच पडून राहिली.

प्रश्नकर्ता: फरदड मीही मार्चपर्यंत ठेवली होती.