जुन्या बाजारातला ट्रायपॉड मान टाकतोय, ३००० मध्ये हेड बदलू की सगळाच नवीन घेऊ?

टेकडीवरचा_नवशिक्या

नमस्कार मंडळी, पहिलीच पोस्ट आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. कॅमेरा कॅनन १५००डी, तोही सेकंड हँडच, सोबत १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स. दोन महिन्यांपूर्वी रविवारी जुन्या बाजारात फिरताना एक अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड दिसला, बाराशे म्हणत होता, मी निघाल्यासारखं केलं तर नऊशेला दिला. कंपनीचं नाव वगैरे काही नाही, स्टिकर खरवडलेलं आहे. पाय चांगले जाडजूड आहेत, तीन टप्प्यांचे, क्लिपवाले. पण वरचं हेड, म्हणजे कॅमेरा बसतो तो फिरता भाग, प्लास्टिकचं, एक लांब दांडा असलेलं. १८-५५ लावली तर निभतं, पण ५५-२५० लावून गच्चीवरून चंद्र धरला की दांडा कितीही आवळा, हात सोडला की कॅमेरा हळूच मान टाकतो आणि चंद्र फ्रेमच्या वरून पसार. गेल्या शनिवारी पहाटे वेताळ टेकडीवर सूर्योदयाला गेलो, वारा होता, आठ फोटो काढले, आठही हललेले. दुकानात विचारलं तर म्हणाले हेड बदलण्यात काही अर्थ नाही नवीनच घ्या, आणि जो दाखवला त्याचे पाय काडीसारखे, वर स्टिकर "५ किलो लोड". बजेट ३०००, त्याच्यावर गेलं तर घरी बोलणी बसतील. काय करू?

कसब्यातला_कॅमेरा

५ किलो लोड म्हणजे त्यावर पाच किलो कांदे ठेवले तर मोडणार नाही, एवढंच. फोटो हलणार नाही असं त्यांनी कुठे लिहिलंय? तो आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या हिशोबाने छापते, त्यावर जाऊ नका.

शटरकाका

अरे थांब, नवीन काहीही घ्यायच्या आधी घरात पाच मिनिटांचं काम कर. तुझा त्रास हेडचा आहे की पायांचा हे आधी कळलं पाहिजे, दुकानदाराला ते शोधायचं कारणच नाही, त्याला ट्रायपॉड विकायचाय.

रात्री गच्चीत ट्रायपॉड लाव, ५५-२५० पूर्ण झूम, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघायचं) चालू करून लांबच्या एखाद्या दिव्यावर १०x मोठं कर. आता हेडच्या खाली, पायाच्या वरच्या भागावर बोटाने हलकी टिचकी मार आणि दिवा थरथरून शांत व्हायला किती सेकंद लागतात ते मोज. मग कॅमेऱ्यावरच टिचकी मार. पायावर मारल्यावर लगेच शांत होतो आणि कॅमेऱ्यावर मारल्यावर डुलत बसतो, तर पाय ठीक आहेत, हेड फेकायचं. दोन्ही वेळा डुलतो तर पायांकडे बघायला लागेल.

दुसरं, हेड सुटं होतं का ते बघ. बऱ्याच स्वस्त ट्रायपॉडला हेड आणि पायांच्या मधला उभा दांडा एकाच साच्यातून काढलेला असतो, तसा असेल तर विषयच संपला. पण तू जाडजूड पाय म्हणतोयस म्हणजे जुन्या घडणीचा असावा, आशा आहे. हेड बसतं त्या चकतीच्या खालून बॅटरी मारून बघ, एक ते तीन बारीक स्क्रू दिसतील, अ‍ॅलन कीचे असतात बहुतेक. ते आधी ढिले करायचे, नाहीतर हेड फिरवायला जाशील आणि आटे खाशील. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा हेडला गुंडाळ, पकड येते, आणि उलटं फिरव. खाली जो बोल्ट दिसेल तो ३/८ इंचाचा असला तर बाजारातलं जवळपास कुठलंही हेड त्यावर बसेल. १/४ इंचाचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या खालच्या स्क्रूएवढाच बारीक असेल तर वर चढवायचं पितळी बुश मिळतं, किरकोळ पैशात.

पायांच्या क्लिप ढिल्या असतील तर त्यांचा नट पाव आटा आवळ, पाव म्हणजे पावच, जुनं प्लास्टिक असतं. आणि तेल, डब्ल्यूडी-४० असलं काही मारू नकोस कुठेही. जिथे घर्षणावर पकड आहे तिथे तेल सोडून कसं चालेल? कोरड्या फडक्याने पूस फक्त.

पाखरू_कवडीपाट

काकांशी १०० टक्के सहमत, फक्त हेड कुठलं घ्यायचं यावर माझं मत ऐक. सगळे तुला बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर फिरणारं, एकाच नॉबचं हेड घे म्हणतील. मीही घेतलं होतं, छोटं, स्वस्तातलं. लँडस्केपला मस्त, झटपट होतं. पण २५० ला फ्रेम लावून नॉब आवळला की गोळा किंचित खाली बसतो, पक्षी मध्ये धरलेला असतो तो कोपऱ्यात जातो, मग आपण मुद्दाम थोडं वर धरून आवळायचं असला अंदाजपंचे कारभार. तुझा चंद्राचा त्रास आहे तसाच राहील, फक्त नवीन हेडवर. त्यापेक्षा धातूचं थ्री-वे हेड बघ, तीन दांड्यांचं, जड, ओबडधोबड. सेकंड हँडला लोक ते कमी पैशात काढून टाकतात कारण सगळ्यांना बॉल हवा असतो. मी माझं तसंच घेतलं, देणाऱ्या काकांनी वर चहापण दिला 😄 एक दांडा एकाच दिशेला हलतो त्यामुळे चंद्र सरकला की एकच नॉब सोडायचा. बॅगेत मात्र ते दांडे सगळीकडे अडकतात, ही त्याची खोड आहेच.

घेताना प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला लावून हेडमध्ये अडकवायची पट्टी, बघून घे. त्या जुन्या हेडची प्लेट हरवलेली असेल तर तशी परत मिळणं मुश्किल, प्रत्येकाची वेगळी. आर्का टाइपची (बऱ्याच कंपन्या वापरतात तो साचा), ३८ मिमी रुंदीची असली तर पुढे कॅमेरा बदलला तरी चालते. लिव्हरवाल्यापेक्षा स्क्रू फिरवून आवळायचा क्लॅम्प बरा, कारण सगळ्या आर्का प्लेट म्हणायला सारख्या, केसाचा फरक असतोच आणि लिव्हर तेवढ्यावर रुसतो. प्लेटचा स्क्रू नाण्याने आवळायचा, जुनं पाच रुपयाचं जाडं नाणं खाचेत जात नाही, रुपयाचं ठेव बॅगेत.

आणि हो, चंद्राला ट्रायपॉड लागतोच असं नाही. चंद्रावर ऊनच पडलेलं असतं की. एफ ११ ला आयएसओ २०० असेल तर १/२००, म्हणजे एफ ८ ला १/४००. लेन्सचे २५० गुणिले तुझ्या कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरचे १.६ म्हणजे ४००, शटर १/४०० असलं की हातात धरून निघतो. पूर्ण गोल चंद्रापेक्षा अष्टमीच्या आसपासचा काढ, खड्ड्यांच्या सावल्या दिसतात, पण तो थोडा अंधुक असतो, शटर जरा कमी करावं लागेल, तेव्हा मग ट्रायपॉड.

कसब्यातला_कॅमेरा

ताईंचा हिशोब बरोबर. मी फक्त टेकडीबद्दल बोलतो. मधला दांडा वर काढला होता का? सगळे काढतात. दांडा वर काढला की तीन पायांवर एक काठी उभी केल्यासारखं होतं, वाऱ्यात डुलणारच. खाली बसून काढा, गुडघे दुखले तर दुखले. पाय उघडताना जाड टप्पा आधी, सगळ्यात खालची बारीक नळी शेवटी आणि गरज असेल तरच. बॅग मध्ये लटकवायची तर हवेत नको, वाऱ्याने घड्याळाच्या लंबकासारखी हलते आणि उलट तीच ट्रायपॉड हलवते, जमिनीला जरा टेकलेली ठेवा. लाइव्ह व्ह्यूमध्ये काढा म्हणजे कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर असतो, त्याचा धक्का बसत नाही, २ सेकंदांचा टायमर, लेन्सचं आयएस (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. यातल्या कशालाही रुपया लागत नाही.

टेकडीवरचा_नवशिक्या

काका, ताई, सगळ्यांचे आभार, दादा तुमचेपण. रिपोर्ट देतो.

हो, दांडा पूर्ण वर काढला होता 🙈 पुन्हा टेकडीवर गेलो, दांडा खाली, बारीक नळी आत, टायमर लावून, दहापैकी आठ स्वच्छ. तोच ट्रायपॉड, तेच हेड.

टिचकीची परीक्षा पण केली. पायावर मारली तर दिवा सेकंदभरात शांत, कॅमेऱ्यावर मारली तर चार-पाच सेकंद नाचत होता. चकतीखाली दोन स्क्रू निघाले, मळाने बुजलेले, टूथपिकने कोरून काढले तेव्हा दिसले. बोल्ट ३/८. सेकंड हँड थ्री-वे हेड मिळालं, सोळाशे, आर्का क्लॅम्पवालं, स्क्रूचा. चंद्र आता जिथे ठेवला तिथे राहतो, म्हणजे तो स्वतः सरकतो तेवढाच सरकतो.

एका पायाचं रबर गेलेलं होतं, मेडिकलमध्ये वॉकरच्या पायाला लावायचं रबर मिळतं ते मापाने बसलं. हे सुचवलं माझ्या आजीने.

आता वाईट बातमी. काका, तुम्ही पाव आटा म्हणाला होतात. मी म्हटलं अजून थोडं. कट् असा आवाज आला आणि एका पायाच्या खालच्या क्लिपला चीर गेली. धरते पण भरवसा नाही.

शटरकाका

वाटलंच होतं. रडू नकोस. बोहरी आळीत जा, पाइपला लावतात ती होज क्लिप घे, पायाचा व्यास सुतळीने मोजून ने. चिरलेल्या क्लिपवरूनच बसव, खाली ट्यूबचा तुकडा घाल म्हणजे नळीवर ओरखडे नाहीत. तो टप्पा आता स्क्रूड्रायव्हरशिवाय हलणार नाही, पण बारीक नळी तू तशीही उघडायची नाहीयेस. आणि स्क्रू आवळताना घरच्यांपैकी कोणाला तरी शेजारी उभं कर.

टेकडीवरचा_नवशिक्या

आजीला उभं करतो 😄 होज क्लिप मिळाली, बसली. ३००० पैकी अजून तेराशे शिल्लक आहेत, घरी अजून सांगितलेलं नाही.