बेसबॉल : हंगामाआधीच्या सराव सामन्यांवरून संघ कसा जोखायचा?

पंचगंगा_घाट
मंडळी, मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगच्या, २०२६ च्या सराव छावण्या लागल्या. दरवर्षी मार्चमध्ये कुणीतरी .४०० च्या सरासरीनं (दहात चार वेळा यशस्वी फटका) ठोकतो, सगळीकडं त्याचा गवगवा होतो आणि एप्रिलच्या शेवटी तोच बाकावर बसलेला दिसतो. उलट मार्चमध्ये बेदम मार खाल्लेला पिचर (चेंडू टाकणारा) हंगामात भल्याभल्यांना नाचवतो. मग सराव सामन्यांतलं धरायचं काय आणि सोडायचं काय? लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ असं लागोपाठ दोनदा अजिंक्यपद मारलं. यंदा त्यांना अडवणारा संघ आहे का, हे कशावरून ओळखायचं? आणि सामने आपल्याकडं किती वाजता दिसतील, तेही कुणीतरी नीट सांगा.

खासबाग_माती
पहिलं म्हणजे बॅटरची सरासरी बघूच नका. मार्चभरात एकेकाला जेमतेम ५०-६० वेळा बॅट हातात मिळते. ५० वेळांत नुसते पाच चेंडू फिल्डरांच्या मधून निसटले तरी .२५० चा माणूस .३५० वर दिसतो. त्यात समोर पिचर कोण होता, हे आकड्यात दिसत नाही. सामना नऊ इनिंगचा, पण मुख्य पिचर दोन-तीन इनिंग टाकून निघून जातो, सहाव्या-सातव्या इनिंगला मायनर लीगची (खालच्या लीगची) पोरं टाकत असतात. शिवाय १५ संघ ॲरिझोनात आणि १५ फ्लोरिडात सराव करतात. ॲरिझोनाची हवा कोरडी, तिथं चेंडू लांब जातो आणि कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) कमी वळतो. तिथले होम रन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) थोडे कमी करूनच मोजायचे.

पिचरचं म्हणाल तर तालमीत बघा की. वस्ताद सांगतो, आज फक्त ढाक लावायचा. पोरगं दहादा पाठीवर पडतं, पण ढाक बसायला लागतो. तसंच पिचरला चेंजअप (फसवा हळू चेंडू) किंवा स्वीपर (आडवा वळणारा) असा नवा चेंडू घोटवायचा असतो, म्हणून तो इनिंगभर तोच टाकतो आणि मार खातो. नऊ इनिंगमागं सात धावा दिल्या म्हणून त्याच्यावर फुली मारू नका.

बघायचा तो वेग. गेल्या वर्षी ताशी ९६ मैलांनी टाकणारा फेब्रुवारीअखेर ९४ वर असेल तर चालतं, हात मोकळा व्हायला वेळ लागतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातही ९४ च असेल तर काहीतरी बिनसलंय. दुसरं, चेंडूंची संख्या. पहिल्या वेळी साधारण ३०, मग दर पाचव्या-सहाव्या दिवशी १५ ची भर, आणि हंगाम उघडताना ७५ ते ९०. ही चढण मधेच थांबली किंवा त्यानं एक पाळी चुकवली, तर लगेच कारण शोधा.

पिचरचा ‘फोरआर्म (कोपर ते मनगट हा भाग) आखडलाय’ ही बातमी आली तर ती हलक्यात घेऊ नका. बोटं आणि मनगट वळवणारे स्नायू कोपराच्या आतल्या बाजूला, कोपराची हाडं बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटच्या वरूनच जातात. लिगामेंट ढिला पडला की त्याचं ओझं ते स्नायू उचलतात आणि आधी तेच दुखायला लागतात. लिगामेंट तुटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया (त्या जागी नवा पट्टा बसवायचा), आणि परत यायला १२ ते १८ महिने. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली ती पहिल्यांदा केली. म्हणून सांभाळून, घाई टाळलेलीच बरी.

बॅटरचा एकच आकडा मार्चमध्ये थोडाफार बोलतो, तो स्ट्राइकआउटचा (तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याचा). त्याचं प्रमाण साधारण ६० वेळांत स्थिरावतं. कुणाचे स्ट्राइकआउट अचानक निम्म्यावर आले असतील तर तिकडं लक्ष द्या.

गंगावेश_कट्टा
वरच्यांशी सहमत. पण एकेका खेळाडूपेक्षा संघाची खोली, म्हणजे मागची राखीव फळी, बघा, असं माझं ठाम मत आहे. सामने १६२. पाच मुख्य पिचरनी प्रत्येकी ३० सामन्यांची सुरुवात केली तरी १५० च होतात, आणि पाचही जण ३० पर्यंत पोचले असं क्वचितच घडतं. म्हणून यादीतला सहावा, सातवा, आठवा पिचर कोण, हे विचारायचं. २६ जणांच्या संघात पिचर जास्तीत जास्त १३ ठेवता येतात. बाकीचे ४० च्या यादीत, मायनर लीगमध्ये. ज्याचे ‘ऑप्शन’ (खाली पाठवायची मुभा) शिल्लक आहेत त्यालाच खाली-वर करता येतं. संपले असतील तर खाली पाठवण्याआधी त्याला वेव्हर्सवर, म्हणजे बाकीच्या संघांपुढं, ठेवावं लागतं, आणि तिथं दुसरा संघ त्याला उचलून नेऊ शकतो. मार्चअखेर चांगला खेळणारा पोरगा खाली जातो आणि साधा खेळणारा राहतो, त्यामागं बऱ्याचदा हेच असतं.

डॉजर्सचं बळ इथंच आहे. २०२५ मध्ये त्यांचे मुख्य पिचर स्नेल आणि ग्लासनाउ कित्येक महिने जायबंदी होते, तरी संघ तगला आणि ऑक्टोबरच्या बाद फेरीला दोघंही ताजे मिळाले. टोरंटोविरुद्धच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना टोरंटोत ११ इनिंगपर्यंत गेला, ५-४ नं सुटला, आणि आदल्याच दिवशी टाकलेला डॉजर्सचा पिचर यामामोतो परत येऊन शेवट करून गेला. टोरंटोनं आता पिचर डिलन सीसला सात वर्षांसाठी घेतलंय. त्यांच्याकडं सहावा-सातवा पिचर धडधाकट राहिला तर मला तरी तेच सगळ्यात जवळचे वाटतात.

उत्तरेश्वर_७
गेल्या वर्षीचे विजय मोजू नका, धावा मोजा. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, हे झालं विजयांचं अपेक्षित प्रमाण. समजा एका संघानं ७५० केल्या, ७०० दिल्या. ५,६२,५०० भागिले १०,५२,५०० म्हणजे .५३४. गुणिले १६२ केलं की साधारण ८७ विजय. असा संघ प्रत्यक्षात ९४ जिंकला असेल तर एका-एका धावेनं सुटलेले सामने त्याच्या पदरात पडलेत, आणि ते दरवर्षी पडत नाहीत. नवा खेळाडू आला की दर १० धावांमागं एक विजय धरा, अंदाज फार चुकत नाही.

पंचगंगा_घाट
खोलीचं गणित पटलं. पण यंदा मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक (देशादेशांची स्पर्धा) पण आहे. त्यानं पिचरांची ती चढण बिघडणार नाही का?

खासबाग_माती
तिथं एका पिचरला एका सामन्यात मर्यादा आहे : पहिल्या फेरीत ६५ चेंडू, उपउपांत्य फेरीत ८०, त्यापुढं ९५. बांधणीच्या हिशोबात ते बसतं. फरक जोराचा आहे. छावणीत पिचर ८५ टक्क्यांनी टाकतो, देशासाठी पहिल्या चेंडूपासून पूर्ण. आणि दुखापत टाकतानाच होते असंही नाही. २०२३ च्या क्लासिकमध्ये पिचर एडविन डियाझचा गुडघ्याचा स्नायुबंध सामना जिंकल्यावर नाचताना फाटला आणि त्याचा अख्खा हंगाम गेला. तोच डियाझ आता डॉजर्सकडं आहे.

उत्तरेश्वर_७
यंदाचा नवा नियम विसरू नका : पंचानं चेंडू स्ट्राइक (झोनमधून गेलेला) ठरवला की नाही, त्या निर्णयाला यंत्राकडं आव्हान. प्रत्येक संघाला दोन, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. फक्त बॅटर, पिचर आणि कॅचर (बॅटरमागं चेंडू झेलणारा) मागू शकतात, तेही लगेच टोपीला किंवा हेल्मेटला हात लावून. बाकावरून इशारा चालत नाही. झोन १७ इंच रुंद, वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्के, खालची २७ टक्के. सहा फुटी बॅटरला साधारण साडेएकोणीस ते साडेअडतीस इंच. चाचण्यांत कॅचर जास्त वेळा बरोबर ठरले, पिचर कमी. म्हणून जो संघ पिचरला हात आवरायला सांगतो, त्याचं आव्हान आठव्या इनिंगला हाताशी असतं. मार्चमध्ये हे मुद्दाम बघा.

गंगावेश_कट्टा
वेळा राहिल्या. ८ मार्चला अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढं जातात. त्याआधी फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं, नंतर साडेनऊ. ॲरिझोना घड्याळ बदलतच नाही, कायम साडेबारा तास. म्हणजे दुपारी १:०५ चा सराव सामना ८ मार्चपासून फ्लोरिडातून रात्री १०:३५ ला, ॲरिझोनातून रात्री १:३५ ला. हंगाम सुरू झाला की न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७:०५ चा सामना आपल्याकडं पहाटे ४:३५ ला, कट्ट्यावर म्हशी यायच्या वेळेला. लॉस एंजेलिसचा ७:१० चा सकाळी ७:४० ला. रविवारी पूर्वेकडं दुपारी १:३५ ला असेल तर आपल्याकडं रात्री ११:०५.